माझ्या नावाचा टाक

मी मेले आहे, हे मला माझ्या सवतीनं सांगितलं. दुपारची वेळ होती, तिनं मला प्यायला पाणी दिलं होतं, आणि मी कोण हे तिला ठाऊक नव्हतं. त्याला आता दीड महिना झाला. अजूनही बाजारात वांगी तोलता तोलता माझा हात थांबतो आणि आपला श्वास चालू आहे ना, ते मी बघते. हसू येतं, पण बघते.

आधी माझा शहाणपणा सांगते, कारण सगळं त्यातूनच निघालं.

मावल्याला आमचं भाजीचं रान आहे. वडील पिकवतात, मी आदिलाबादच्या बाजारात बसून विकते. बारावीपर्यंत शिकले, त्यामुळे मोबाईलवरची सगळी कामं माझ्याकडे. बियाणं मागवायचं मी, भाव बघायचा मी, शेजारणींचे फॉर्म भरून द्यायचे मी. एखादीनं कोऱ्या कागदावर अंगठा दिला की तिला चारचौघींत झापायची, तेही मीच. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. मी तर बाई होते, माझ्याकडे बैलही नव्हता.

मला दिलं होतं वांकिडीकडच्या एका गावात, कापूस-ज्वारीच्या घरी. नवरा वाईट नव्हता, फक्त बोलायचा नाही. त्याच्या वाटचं सासू बोलायची. चार वर्षांत आम्ही एकदाही भांडलो नाही, आणि जिथं भांडणसुद्धा होत नाही तिथं संसार कसला होणार? मूल झालं नाही. एक दिवस मी म्हटलं, मी जाते. तो म्हणाला, "हाओ." एवढंच. मी पिशवी भरून बसमध्ये बसले.

वडील म्हणाले, "चार मानसं बसवू, काडी मोडू, आन मंग कोर्टात जाऊन पक्कं करू." आमच्याकडे जुनी रीत आहे. जाणत्यांसमोर नवरा-बायकोनं गवताची काडी धरायची आणि मोडायची, मग ती दोघं एकमेकांची कोणी नाहीत. मला त्या चार माणसांसमोर मान खाली घालून बसायचं नव्हतं. कोर्ट तर त्याहून नको होतं. वकिलानं सांगितलं होतं, दोघांना दोनदा पेशीला, म्हणजे तारखेला कोर्टात यावं लागेल, मध्ये सहा महिने थांबावं लागेल. मला सहा दिवस थांबायचं नव्हतं.

मोबाईलवर जाहिरात आली. घरबसल्या घटस्फोट, वीस दिवसांत, कोर्टात यायची गरज नाही. फी एका बऱ्यापैकी साडीएवढी. मी तिकडे फोन लावला. पलीकडचा माणूस गोड हिंदीत 'मॅडमजी, मॅडमजी' करत होता. आमच्या बाजारात मला कोणी मॅडमजी म्हणत नाही, त्यामुळे मी पाघळले. त्यानं दोघांची आधार कार्डं मागितली, फोटो मागितले, आणि दोन कोऱ्या कागदांवर खाली सह्या मागितल्या. मी केल्या. नवऱ्यानंही केल्या. त्यालाही घाई होती, त्याच्या आईनं दुसरी मुलगी बघायला सुरुवात केली होती.

मग एका दुपारी मोबाईलवर 'सुनावणी' झाली. पडद्यावर तीन चौकटी होत्या. एकीत मी, एकीत नवरा, तिसरीत काळ्या कोटातला एक माणूस. त्याच्या मागं खिडकी होती, म्हणून चेहरा नुसता काळा दिसत होता. ओठ आधी हलायचे आणि आवाज मागून यायचा. त्यानं विचारलं, "आप दोनों राज़ी हैं?" तेवढ्यात त्याच्या मागून एक बाई बादली घेऊन गेली. कोर्टात बादली कशाला, हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं. मी हो म्हटलं. नवरा त्याच्या चौकटीत पापणी न हलवता बसला होता. नेट अडकलं होतं की तोच तसा बसला होता, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. "हो गया," तो माणूस म्हणाला आणि पडदा काळा झाला. त्या काळ्या काचेत मला माझंच तोंड दिसलं, आणि का कोण जाणे, मी मोबाईल घाईघाईनं उपडा ठेवला.

कागद आला. इंग्रजीत होता, वर आमच्याच जिल्ह्याच्या कोर्टाचं नाव, खाली लाल मोहर, बाजूला दोघांचे फोटो. वडिलांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "ह्यात मानूस कुठी हाय?" मी चिडले. तुम्हाला काय कळतं, म्हटलं. कागद पेटीत ठेवला आणि त्याच्या भरवशावर चार वर्षं निवांत झोपले.

गेल्या वर्षी एक स्थळ आलं. मंचेरियलचा, खाणीत नोकरी, बायको जाऊन पाच वर्षं झालेली. तो बोलायचा. वांग्याच्या भरतावर अर्धा तास बोलू शकणारा पुरुष मी पहिल्यांदाच पाहिला. मला तो मनापासून आवडला. ह्या वयात लाज कशाला धरू? लग्न ठरत आलं. त्याच्या कचेरीत बायको म्हणून माझं नाव लावायचं तर घटस्फोटाची कोर्टाच्या शिक्क्याची नकल हवी होती. त्यात काय, म्हणत मी कागद घेऊन कोर्टात गेले.

तिथल्या पेशकारानं, म्हणजे कारकुनानं, नंबर शोधला. पुन्हा शोधला. "लेदम्मा," म्हणाला. नाही म्हणून. त्या नंबराची फाईल दोन भावांच्या बांधाच्या भांडणाची निघाली. मग त्यानं भिंतीवर एकावर एक टांगलेली जुनी कॅलेंडरं उलटी चाळली, माझ्या कागदावरच्या तारखेवर बोट ठेवलं आणि मोडक्या मराठीत म्हणाला, "अम्मा, हा तर रविवार. रविवारी कोण जज बसते?" मागच्या रांगेतला एक म्हातारा हसला.

बाहेर येऊन मी जाहिरातवाल्याचा तो जुना नंबर लावला. चार वर्षांनी कोण उचलणार, असं वाटलं होतं, पण लगेच उचलला. पलीकडे एक म्हातारी होती. कुठली, कुणास ठाऊक. मागून कोंबड्यांचा आवाज येत होता. मी काही बोलायच्या आतच ती दमलेल्या आवाजात म्हणाली, "बेटी, तुम्हारा भी नहीं हुआ क्या?"

ती सांगू लागली. हा नंबर तिच्या नातवानं नवीन घेऊन दिला होता. तेव्हापासून रोज चार-पाच बायका फोन करतात, कधी पुरुष करतात. सगळे एकच विचारतात, आमचं झालं का? "मैं सबको बोलती हूँ, अपने घर जाके देखो," ती म्हणाली. मी कोर्टाच्या पायरीवर बसले होते. ठिकठिकाणच्या त्या सगळ्या बाया माझ्या अंगाला अंग लावून त्याच पायरीवर बसल्यात असं मला वाटलं.

आता मी एका वकीलबाईंकडे गेले. त्यांनी कागद पाहिला आणि बाजूला ठेवला. म्हणाल्या, "तुम्ही अजून त्यांचीच बायको आहात. खरा अर्ज करावा लागेल. दोघांच्या सह्या, दोघांची हजेरी. ते आले नाहीत तर पुढं वर्षानुवर्षं जातील." मंचेरियलच्या माणसाला मी फोनवर सगळं सांगितलं. बोलका माणूस तो, त्या दिवशी दोनच वाक्यं बोलला. "कागद येऊ द्या. तवर थांबतो मी." तवर म्हणजे किती, ते मी विचारलं नाही. नवऱ्याचा नंबर बंद होता. म्हणून दुसऱ्याच दिवशी मी आसिफाबादला बस बदलून वांकिडी गाठली आणि तिथून ऑटोनं ते गाव. एक सही आणि दोन पेश्या, एवढंच मागायचं होतं.

कापूस वेचणीचे दिवस होते. गल्लीत चिटपाखरू नव्हतं, सगळे शेतात. घराला नवा निळा रंग दिला होता. दार उघडं होतं. आत पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस रचलेला. कापसाच्या खोलीत आवाज घुमत नाही, तो तिथंच मरतो. मी "कोणी आहे का?" म्हटलं ते माझं मलाच ऐकू आलं नाही. पुन्हा हाक मारायची हिंमत होईना. उंबऱ्याबाहेर उभी राहून मी नुसतं म्हटलं, "पाणी मिळंल काय?"

कापसाच्या आडून एक मुलगी आली. पंचविशीची असेल, सातवा महिना असावा. मला बघून ती मध्येच थांबली. मग भानावर येऊन आत गेली आणि तांब्या-पेला घेऊन आली. मी पेला घेतला. मी डावखुरी आहे, खाणंपिणं सगळं डाव्या हातानं. लहानपणी मार खाऊनही ते सुटलं नाही. मी पाणी पिईपर्यंत ती माझ्या चेहऱ्याकडे नव्हे, हाताकडे बघत होती.

"कोन्या गावच्या तुमी?" तिनं विचारलं.

"आदिलाबादकडची," मी म्हटलं.

तेव्हा मला तिच्या गळ्यातला टाक दिसला. मंगळसूत्राच्या शेजारी, काळ्या दोऱ्यात, रुपयाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर ठोकलेली बाईची आकृती. परक्या माणसाला तो दागिना वाटेल. आमच्या घरांतून त्याचा एकच अर्थ. पहिली बायको मेली की दुसरीच्या गळ्यात पहिलीचा टाक घालतात. नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, हळदीकुंकू आधी तिला, घास आधी तिला. म्हणजे ती कोपत नाही, संसारात पाय घालत नाही.

माझ्या तोंडून निघालं, "हे कोणाचं?"

"माह्या मोठीचं," ती म्हणाली. पदरानं टाक पुसला. "पहिली व्हती ना. गेली ते. माहेरी गेली आन तिकडंच ताप येऊन गेली म्हनतात."

मी उंबऱ्यावरच बसले. तिला वाटलं उन्हानं झालं. ती समोर बसली, सुपातला कापूस निवडू लागली आणि बोलत राहिली. दिवसभर एकटी असते, तिला माणूस हवं होतं.

"मी रोज पयले तिले वाढतो. तिले आंबट चुका आवडे म्हनतात, मंग मी परसात लावला. ते डावखुरी व्हती, म्हनून वाटी डाव्या अंगाले ठेवतो." बोलता बोलता तिचे हात थांबले. "पोट राह्यल्यापासून सपनात येऊन राह्यली. आत येत नाही. तिथं उंबऱ्याशी उभी राह्यते आन पानी मागते."

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत बसलो. कापसाच्या त्या ढिगाऱ्यात एकही आवाज नव्हता. खरं सांगते, त्या क्षणी मला माझीच भीती वाटली. आपण खरंच बसनं आलो का? तिकीट कुठं आहे? मी कनवटीला हात लावून तिकीट चाचपलं. होतं.

सांगावं की उठून जावं? गेले तर ही सुखानं बाळंत होईल आणि मी जन्मभर ह्या घरची मेलेली सून राहीन, दुसऱ्या कोणाची होऊ शकणार नाही. सांगितलं तर हिच्या कुंकवाचं काय? ती मुलगी माझ्यासाठी रोज चुका शिजवत होती हो! मी मनात त्या मॅडमजीवाल्याला, त्या बादलीवालीला आणि स्वतःला जेवढ्या येतात तेवढ्या शिव्या दिल्या.

तेवढ्यात दारात सावली पडली. सासू शेतातून आली होती, तिच्या मागं तो, पाठीवर कापसाचं गाठोडं. सासूनं मला पाहिलं. ओळखलं, चार वर्षं एका चुलीवर काढलेल्या बाईला डोळे लपवता येत नाहीत. पण तिचा चेहरा तसूभर हलला नाही. सरळ माझ्या डोळ्यांत बघत ती म्हणाली, "कोन व्हय बाई तुमी? काय पाहिजे?"

माझी पाचावर धारण बसली. मरण म्हणजे काय असतं ते मला तिथं कळलं. आपण समोर उभे असतो आणि घरचं माणूस विचारतं, तुम्ही कोण.

"मामी," मी म्हटलं, "माझा टाक केलात?"

"येडी हाय वाटते," सासू सुनेला म्हणाली. "तू आत जाय बापा. पोटुशीनं असं समोर बसू नाही."

मुलगी आत गेली नाही. तिनं नवऱ्याला विचारलं, "कोन हाय ह्या?" तो मूग गिळून उभा. गाठोडंसुद्धा खाली ठेवलं नाही. पुन्हा विचारलं, तरी तेच. तसाच तो त्या चौकटीत बसला होता, मला आठवलं.

मी पिशवीतून तो कागद काढला. तोच, रविवारचा. त्यावरचं सगळं खोटं होतं, फक्त दोन फोटो आणि दोन नावं खरी. मुलगी दहावीपर्यंत शिकलेली. तिनं बोट ठेवून माझं नाव वाचलं. ते नाव ती रोज वाटी ठेवताना घेत होती. तिनं फोटो पाहिला, मला पाहिलं. मग हळूच हात पुढं करून माझं डावं मनगट धरलं. चांगलं घट्ट धरलं, नाडी बघावी तसं.

"ऊन हाय," ती म्हणाली. अंग ऊन आहे म्हणून. आणि मग नवऱ्याकडे वळून, अगदी हळू, "मंग मी कोन?"

सासू रडू लागली. म्हणाली, कागद आला, लग्न संपलं, मंग ते बी आमच्यासाठी संपलीच ना. हिच्या माहेरचे जित्या सवतीवर पोरगी देत नव्हते, मी काय करू? तिला मनापासून तसंच वाटत होतं, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

मुलीनं गळ्यातला दोरा तोडला. टाक माझ्या तळहातावर ठेवला. तो तिच्या अंगानं कोमट झाला होता. "ह्यांनले कोर्टात नेतो मी," ती मला म्हणाली, "स्वता नेतो. तुमचं खरं सुटू द्या, मंग माहं खरं लागू द्या." तेव्हा कुठं त्यानं गाठोडं खाली टाकलं आणि माझं नाव घेतलं. चार वर्षांच्या संसारात घेतलं नव्हतं. "येतो," म्हणाला.

आणि आला. पहिली पेशी झाली. ती सोबत आली होती, आठवा लागला होता तरी. बाकावर आमच्या दोघांच्या मध्ये बसली. दुसरी पेशी सहा महिन्यांनी. तोवर मी त्याची बायको आहे आणि ती कोणीच नाही. मूल त्याआधीच येणार. वकीलबाई म्हणतात मुलाच्या हक्काला धक्का नाही, पण तिच्या माहेरी अजून काही सांगितलेलं नाही. मंचेरियलचा थांबलाय. फोन आधी रोज यायचा, आता आठवड्याला येतो. टाक मी पेटीत त्या कागदाशेजारी ठेवलाय. वडील म्हणतात गोदावरीत सोड. माझा हात धजत नाही.

आणखी एक झालंय. रोज दुपारी, बाजारात ऊन डोक्यावर आलं की, तिचा फोन येतो. "मोठ्या बाई, जेवल्या काय?" पहिल्या दिवशी मला हसू आलं. मी दुकान सोडून दुपारी कधीच जेवत नाही, पण हो म्हटलं आणि फोन ठेवला. चार-पाच दिवस असंच खोटं बोलले. मग एकदा तिचा आवाज फार बारीक लागला म्हणून विचारलं, तुझं झालं का गं? ती म्हणाली, "कायले खोटं बोलता? तुमी जेवल्या नाही ते समजते मले. गळ्यात टाक नाही आता. तुमाले दिल्याबिगर घास उतरत नाही."

तेव्हापासून फोन आला की मी वजनकाटा बाजूला सारते, डबा उघडते, मोबाईल उजव्या कानाशी धरते आणि डाव्या हातानं भाकरीचा तुकडा मोडते. ती तिकडे काही बोलत नाही, नुसती ऐकते. माझा पहिला घास गिळून होतो, मग तिच्या ताटाचा आवाज येतो.